जात्याची घरघर आणि ‘रिप्लेस’चं बटण

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरवरची गाणी, फोटो, व्हिडिओ आवरायचे कसे यावर लेख आलेला, लेख तसा चांगला होता, आमच्या वयाच्या माणसाला कळेल असा सोपा होता. पण मधेच एका ओळीत असं होतं की फोल्डर कॉपी करताना ‘या नावाची फाइल आधीच आहे’ असं विचारलं तर बिनधास्त रिप्लेस दाबायचं, म्हणजे डबल काही राहत नाही. ते वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला बघा. हेच बटण मी तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात दाबलंय, असंच बिनधास्त, आणि त्यात आमच्या आईचं जातं गेलं. आईचा आवाज राहिला, जातं गेलं. कसं ते सांगतो, पत्र जरा लांबेल, कापायचं असलं तर माझी रडकथा कापा पण पुढची कामाची गोष्ट तेवढी ठेवा.

१९८९ साली आमच्या बहिणीचं लग्न गावाकडं झालं, तासगावजवळ. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झालेला, पण लग्नाची हळद जात्यावरच दळायची ही पद्धत. थोरला भाऊ तेव्हा मुंबईला नोकरीला होता, तो टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) घेऊन आला आणि ओसरीत जात्याशेजारी पाटावर ठेवून आई आणि थोरली काकी यांच्या ओव्या त्यानं रेकॉर्ड केल्या. नव्वद मिनिटांच्या पाच कॅसेट. मधे बांगड्या वाजतात, कोंबडा आरवतो, कुणीतरी ‘अगं त्या पोराला घे’ म्हणून ओरडतंय, आणि ह्या सगळ्याच्या खाली सतत जात्याची घरघर. ओवी चालते ती जात्याच्या फेऱ्यावर, फेरा जड झाला की सूर ओढला जातो, जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे मूठभर दळण, घालायला हात गेला की ओळ तिथं क्षणभर थांबते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातलं काही आता नेटवर ऐकायला पण मिळतं, तेव्हा ह्या गोष्टीची किंमत काय ते मी वेगळं सांगायला नको. आमच्या पाच कॅसेट म्हणजे त्यातली एक पसाभर.

भावानं एक शहाणपणा केलेला. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारक्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात, त्या त्यानं स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकल्या, म्हणजे टेपवर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. नाहीतर घरात पोरं, कुणी ना कुणी त्यावर पिक्चरची गाणी भरली असती, आमच्या शेजाऱ्यांकडं एका कीर्तनाच्या कॅसेटवर मधूनच क्रिकेटची कॉमेंट्री सुरू व्हायची. टिकली मोडल्यावर पण सेलोटेप लावून परत रेकॉर्ड करता यायचं हो, सगळ्यांना ती ट्रिक माहीत होती, पण निदान सेलोटेप शोधावी लागायची, तेवढ्यात माणूस विचार करतो.

२०१६ ला रिटायर झालो आणि पहिलं काम हे घेतलं. डेकच्या हेडफोनच्या भोकातनं वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि बसलो. सीडीच्या दर्जाला एक मिनिट म्हणजे साधारण १० एमबी, म्हणजे एक कॅसेट साडेनऊशे एमबीच्या आसपास. पाच वेव्ह (आवाज न दाबता ठेवणाऱ्या) फायली, नावं ओव्या १ ते ओव्या ५. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि पुढं भाच्यानं क्लाउडवर पण सिंक लावून दिलं, म्हणजे तीन जागी. मी आपला निवांत.

मग ओळखीतला एकजण आहे, रेकॉर्डिंगची कामं करतो, त्याला पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणलं बाबा जरा खरखर काढून दे. त्यानं काढून दिली, त्याची काही चूक नाही, जे सांगितलं ते केलं. त्याच पेन ड्राइव्हवर, त्याच नावानं. मी घरी येऊन फोल्डर लॅपटॉपवर ओढलं, विंडोजनं विचारलं पाच फायली त्याच नावाच्या आहेत काय करू, मी म्हणलं रिप्लेस. पाच मिनिटांत काम संपलं. क्लाउडनं पण आज्ञाधारकपणे नवीन फायली वर घेतल्या. ऐकून बघितल्या का? पहिल्या फाइलची पहिली पंधरा सेकंद. खरखर गेलेली होती, छान वाटलं.

भाऊबीजेला बहीण आली, तिला म्हणलं ऐक तुझ्या लग्नाच्या ओव्या, स्पीकरला लावल्या. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “दादा, जातं कुठं गेलं?”

खरखर काढणारं सॉफ्टवेअर काय करतं, तर रेकॉर्डिंगमध्ये जिथं कोणी बोलत-गात नाही असा एक तुकडा त्याला दाखवायचा, हा नॉइज समज, आणि मग ते आख्ख्या फाइलमधून तो आवाज कमी करत जातं. आमच्या कॅसेटला सुरुवातीला ओवी सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट नुसतं जातं फिरतं. तोच तुकडा त्यानं दाखवला असणार. झालं, सॉफ्टवेअरच्या लेखी जातं म्हणजे कचरा. आणि जातं काढताना आईच्या आवाजातला पण थोडा भाग खरवडून गेला, ती पाण्याखालून गातीय असं वाटतं.

रिसायकल बिन उघडलं, तिथं काही नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माझा अंदाज आहे की तुमच्या निम्म्या वाचकांना आजही माहीत नसेल, डिलीट केलेली फाइल बिनमध्ये जाते पण रिप्लेस झालेली फाइल बिनमध्ये जात नाही. ती कुठंच जात नाही, तिच्या जागेवर दुसरी बसते आणि विषय संपतो. आमच्या क्लाउडवर जुनी आवृत्ती तीस दिवस ठेवतात, आमचे झाले सहा महिने. भाचा पुण्याहून आला, त्यानं रिकव्हरीची दोन-तीन सॉफ्टवेअरं चालवली, पण लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, त्यात रिकामी झालेली जागा सिस्टीम स्वतःच साफ करायला सांगते, तिथं सहा महिन्यांनी काय सापडणार. पेन ड्राइव्हवर तर त्या माणसानं आमच्याच सांगण्यावरून तीच नावं वापरलेली. तीन कॉपी होत्या पण तिन्ही एकमेकींच्या शेपटाला बांधलेल्या, एक विहिरीत गेली की तिन्ही.

ह्यात मला सर्वात जास्त लाज कशाची वाटते माहितीय का? मी ३१ वर्षं बँकेत काढली. लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही, व्हाइटनरची बाटली टेबलावर दिसली तरी साहेब ओरडायचे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, वर बरोबर आकडा, शेजारी सही. आख्खी नोंद चुकली तर उलट नोंद टाकायची, जुनी तिथंच राहते. व्हाउचर आलं की आधी आवक, मग तपासणी, मग पोस्टिंग, आणि पास करणारा माणूस दुसरा. हे सगळं डोळे मिटून करणारा मी, घरी येऊन आईच्या ओव्यांवर व्हाइटनर फिरवला.

तर आता मी फायली बँकेसारख्या ठेवतो. पद्धत काही विशेष नाही, पण तीन वर्षांत एकही फाइल गेली नाही म्हणून सांगतो.

नवीन काहीही आलं, पेन ड्राइव्ह असो, फोन असो, कुणाच्या लग्नाचे फोटो असोत, ते थेट लायब्ररीत, म्हणजे कायमच्या संग्रहात, जात नाही. ‘आवक’ नावाचं फोल्डर केलंय, पाहुणा आधी ओसरीवर बसतो तसं ते तिथं बसतं. आणि कट-पेस्ट करायचं नाही, कॉपीच करायची, कारण एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कट-पेस्ट म्हणजे आतून कॉपी करून मग मूळ पुसणंच असतं, आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेलं सहसा बिनमध्ये पण येत नाही. आवकमध्ये बसवून ऐकायचं, बघायचं. सुरुवात, मध्य आणि शेवट. नुसती सुरुवात नाही, त्या पंधरा सेकंदांनीच मला घालवलंय.

मग जुन्याच्या जागी नवीन बसवायचंच असं ठरलं तर आधी जुनी फाइल लायब्ररीतून उचलून ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, नावाच्या पुढं तारीख लावून, आणि मग रिकाम्या झालेल्या जागेवर नवीन आणायची. आवक, जुनं आणि लायब्ररी तिन्ही एकाच ड्राइव्हवर ठेवलीत तर ह्याला वेळ शून्य लागतो, कारण एकाच ड्राइव्हवर फाइल इकडून तिकडं नेताना आतला माल हलतच नाही, नुसती यादीतली नोंद बदलते. साडेनऊशे एमबीची फाइल पापणी लवायच्या आत जाते. लोकांना वाटतं जपून करायचं म्हणजे वेळ लागणार, उलट पेन ड्राइव्हवरून थेट रिप्लेस करायला मिनिटं जातात.

आणि त्या मिनिटांत लाइट गेली तर? आमच्याकडं वळवाचा पाऊस आला की हटकून जाते. लॅपटॉपला बॅटरी असते हो, पण माझी मोठी हार्ड डिस्क वेगळ्या अॅडॅप्टरवर चालते, ती फट्कन बंद. त्यावेळी तुम्ही जुन्या फाइलवर नवीन लिहीत असाल तर जुनी गेलेली आणि नवीन अर्धी, अशी त्रिशंकू अवस्था. आवकमध्ये कॉपी चालू असताना लाइट गेली तर काय बिघडलं, अर्धी फाइल पुसायची आणि परत कॉपी, लायब्ररीला धक्का नाही. भाचा म्हणतो चांगली सॉफ्टवेअरं पण हेच करतात, आधी टोपण नावानं पूर्ण लिहून घेतात आणि शेवटच्या क्षणी नाव बदलतात.

भाचा सॉफ्टवेअरवाला आहे, तो हे सगळं आरसिंकनं करतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस ह्या दोघांनी १९९६ साली आणलेला फायली कॉपी करायचा प्रोग्रॅम, अजून जगभर चालतो. आमचं बोलणं असं झालं.

“मामा, आधी ड्राय रन करायचा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय काय करणार त्याची नुसती यादी दाखवतो, करत काहीच नाही.”

“मग सरळ सांग की पास करायच्या आधी स्क्रोल, म्हणजे नोंदींची यादी, काढायचा.”

“हां तेच. आणि बॅकअप डिर म्हणून एक ऑप्शन आहे, तो दिला की जी फाइल बदलणार ती आधी दुसऱ्या फोल्डरला ठेवतो.”

म्हणजे माझं ‘जुनं’ फोल्डर. मी बँकेत शिकलो ते ह्यानं कमांडमध्ये लिहिलं इतकंच. विंडोजवाल्यांना तसलाच रोबोकॉपी आहे, विस्टापासून विंडोजमध्ये असतोच, काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, टाइप करावं लागतं, त्यात स्लॅश एल लावलं की तो पण नुसती यादी देतो. फक्त नेटवर कुणीतरी सांगतं म्हणून स्लॅश एमआयआर लावू नका. ते मिरर आहे, इकडं जे नाही ते तिकडून पुसून टाकतं, उलटी दिशा चुकून दिली तर आख्खं घर रिकामं.

ज्यांना काळी खिडकी नको त्यांनी विंडोजच्या त्याच प्रश्नात नीट वाचायचं. रिप्लेसच्या खाली ‘स्किप’ असतं, त्याच्या खाली ‘कम्पेअर’ असतं, फायली एकापेक्षा जास्त असल्या तर तिथं ‘लेट मी डिसाइड’ दिसतं. कम्पेअर दाबलं की दोन्ही फायली शेजारी शेजारी, तारीख आणि साइजसकट. दोन्हीला टिक केली तर दोन्ही राहतात, नव्या फाइलच्या नावाला आकडा लागतो. आणि तिथंच खाली एक बारीक चौकोन असतो, तारीख आणि साइज दोन्ही सारखी असलेल्या फायली वगळा म्हणून, तो टिक केला की शंभरातल्या नव्वद आपोआप गळतात आणि बघायला दहाच उरतात. सगळ्या फायली डोळ्यांनी बघत बसायचं कुणी सांगत नाही, ज्या खरंच वेगळ्या आहेत तेवढ्याच बघा. मॅकवाल्यांना अजून एक इशारा, विंडोजमध्ये फोल्डरवर त्याच नावाचं फोल्डर टाकलं की आतल्या फायली एकत्र होतात, मॅकमध्ये रिप्लेस म्हणलं की जुनं फोल्डर आख्खं जातं, नव्यात ज्या फायली नाहीत त्या पण गेल्या. विंडोजची सवय घेऊन मॅकवर गेलेल्या माणसाचं हमखास वाटोळं.

आता मूळ प्रश्न, नाव सारखं म्हणजे फाइल सारखी का? अजिबात नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फोटोला चार आकडी नंबर पडतो, ९९९९ झाला की परत ०००१. दोन कॅमेरे असले तर विचारूच नका. माझ्याकडं ०४१२ नंबरचे तीन फोटो होते, एक गणपतीतला, एक भाच्याच्या मुंजीतला, एक कुणाच्या तरी बैलाचा. वेगवेगळ्या फोल्डरात होते तोवर तिघं सुखानं नांदत होते, मी हौसेनं ‘सगळे फोटो’ म्हणून एक फोल्डर करायला घेतलं आणि विंडोजनं विचारलं. तेव्हा ओव्यांचं होऊन गेलेलं म्हणून हात थांबला, नाहीतर मुंजीवर बैल बसला असता.

साइज मोठी ती चांगली हे पण खोटं. नव्वद मिनिटांची साधी १२८ ची एमपीथ्री साधारण ८६ एमबी होते, तीच कुणी वेव्ह करून दिली की साडेनऊशे एमबी. पण एमपीथ्री करतानाच जे गेलं ते गेलं, ते परत येत नाही. ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून त्याचं दही होत नाही. आमच्या भजनी मंडळात एकानं अशाच फुगवलेल्या फायली आणून दिल्या आणि म्हणे ह्या एचडी आहेत, जुन्या काढून टाका. मी आवकमध्येच ठेवल्यात, अजून तिथंच आहेत.

तारखेचं तर अजूनच. कॉपी केलेल्या फाइलला विंडोज ‘क्रिएटेड’मध्ये आजची तारीख टाकतं आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच ठेवतं, त्यामुळं आधी बदलली आणि मग जन्मली असं दिसतं, माणूस चक्रावतो. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बघा, नावात तारीख असते ती फोटो काढल्याची नसते, आला तेव्हाची असते, आत कॅमेऱ्याची माहिती काढून टाकलेली आणि साइज दाबलेली. जो नवीन तो ठेव असं सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते मूळ फोटो काढून हा ठेवणार. पाठवणाऱ्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग जसाच्या तसा येतो.

खरी ओळख पटवायची तर हॅश. फाइलच्या बोटाचा ठसा समजा. विंडोजमध्ये त्याच काळ्या खिडकीत सर्टयुटिल म्हणून असतं, त्याला फाइल दाखवली की लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ देतं, दोन फायलींची ओळ सारखी आली तर दोन्ही आतून तंतोतंत एक, बिनघोर एक काढा. फक्त उलटं धरू नका. ठसा वेगळा आला म्हणजे गाणं वेगळं असं नाही, एमपीथ्रीमध्ये गाण्याचं नाव, गायकाचं नाव हे त्याच फाइलमध्ये लिहिलेलं असतं, त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली तरी ठसा बदलतो. तिथं कानच लागतात.

जाता जाता मराठी नावांची एक गंमत सांगतो, हे इंग्रजीवाल्यांना कधी कळायचं नाही. माझ्या फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या दिवशीच्या ओव्या’ ही फाइल दोनदा दिसायची, त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावानं. मी म्हणलं हे कसं शक्य आहे, एका फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फायली राहतातच कशा. भाच्यानं उकललं. तो जो अर्धचंद्रासारखा र आहे ना दुसऱ्यामधला, तो कॉम्प्युटरला दोन-तीन प्रकारे लिहिता येतो. एका कीबोर्डवर त्यासाठी आख्खं वेगळं अक्षर आहे, दुसरा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. म्हणजे जिथं विचारायला पाहिजे तिथं तो विचारतच नाही. लिनक्समध्ये इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावं वेगळी धरतात, तसल्या दोन फायली विंडोजवर आणल्या की एकमेकींच्या अंगावर येतात, ते ह्याच्या उलट. मी तेव्हापासून फाइलच्या नावात आधी आकडे, साल-महिना-दिवस, मग नाव. आणि शक्यतो असा र टाळतो, दुसऱ्या दिवशीच्याला आता ‘दिवस २’ म्हणतो.

मग कुणी म्हणेल एवढा व्याप कशाला, नव्या फाइलला नवंच नाव द्या आणि दोन्ही ठेवा. द्या ना. पण आमच्या मंडळाची एकादशीची प्लेलिस्ट आहे, ती म्हणजे आत नुसती फायलींच्या नावांची यादी असते, नाव बदललं की त्या ठिकाणी शांतता. ऐन आरतीला शांतता झालीय एकदा. म्हणून नाव तेच, जागा तीच, आतला माल नवा, असं करणं भागच पडतं कधी कधी. रिप्लेस करूच नका असं मी म्हणतच नाही, जुन्याला बाजूला बसवून मग करा म्हणतो. एमपीथ्री काढून वेव्ह किंवा फ्लॅक (आवाज न घालवता दाबलेली फाइल) आणली तर शेवटचं एक्स्टेंशन बदलतं आणि प्लेलिस्ट तरीही तुटते, तेव्हा यादीची फाइल नोटपॅडमध्ये उघडून तिथं पण बदलायचं, आणि मराठी नावं असली तर यूटीएफ-एटमध्येच सेव्ह करायची नाहीतर सगळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

‘जुनं’ फोल्डर वाढत जातं हे खरंय. मी वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत बघतो, नवीन फाइल आख्खी ऐकून झालीय का, तिची कॉपी न जोडलेल्या ड्राइव्हवर गेलीय का, दोन्हीला हो असेल तर जुनं काढतो. न जोडलेला म्हणजे खरंच कपाटात, वायर काढून. सिंक म्हणजे बॅकअप नाही, सिंक म्हणजे आरसा, तुम्ही तोंडाला काळं फासलं की तो पण फासतो. ओव्यांचं ‘जुनं’ मात्र मी कधीच काढणार नाही, चार टेराबाइटच्या ड्राइव्हवर पाच जीबीनं काय होतंय.

आणि मला एकट्यालाच हसू नका. १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला त्या अपोलो ११ च्या मूळ टेप, ज्यावर चंद्रावरून थेट आलेलं चित्र होतं, त्या नासाला सापडेनात, खूप शोधल्या आणि २००९ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की बहुतेक पुसून परत वापरल्या गेल्या. टीव्हीवर दाखवलेलं कमी दर्जाचं चित्र राहिलं, मूळ गेलं. माझं तेच झालं, फक्त माझ्याकडं चंद्र नव्हता.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत त्या एका ओळीची दुरुस्ती छापा. बातमीत नाव चुकलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापता, जुना अंक कुणी जाळत नाही, फाइलला तसाच लावून ठेवता, तेव्हा हे तुम्हाला मी काय सांगावं. लेखकावर राग नाही, त्यांचं बाकी सगळं पटलं, फोल्डरच्या नावांचा भाग तर मी कापून ठेवलाय.

आमच्या कॅसेटचं म्हणाल तर पाचपैकी तीन चांगल्या निघाल्या, त्या मी परत भरल्या, ह्यावेळी २४ बिटवर, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाला, जात्यासकट. बहिणीनं पहिली ऐकली तेव्हा काही बोलली नाही, नुसतं परत लाव म्हणाली. चौथ्या कॅसेटच्या टेपवर पांढरी बुरशी आलीय. पाचवीची आतली फेल्टची गादी निखळून पडलेली, मला कळलं नाही, लावली आणि डेकनं टेप चघळली, ती मी पेन्सिलनं गुंडाळून डबीत ठेवलीय. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणी बुरशी साफ करून, टेप दुसऱ्या कव्हरमध्ये घालून देणारा जुना मेकॅनिक असेल तर वाचकांनी तुमच्याकडं कळवावं, मी कॅसेट घेऊन स्वतः येईन. फक्त आधीच सांगतो, खरखर काढायची नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली